वाटा कुणाचा?

भिवंडीच्या यंत्रमाग वस्तीत आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवतो. दुपारी खिचडी वाटली जाते तेव्हा तिसरीतली एक मुलगी निम्मी खायची आणि उरलेली गुपचूप डब्यात भरायची. विचारलं तर म्हणाली, "टीचर, छोटे के लिए." छोटा दोन वर्षांचा. बापाचे माग बंद होते. मीटरवर मजुरी मिळणाऱ्याच्या घरी माग थांबला की चूलही थंडावते.

पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम धान्य, 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं ठरलेली आहेत. हा हिशेब एका जिवाचा आहे, दोघांचा नाही. तिला अडवावं तर छोटा उपाशी. न अडवावं तर ती अर्धपोटी. आम्ही काय करायचं?

आम्ही पळवाट शोधली. तिला पळीभर जास्त वाढलं आणि डब्याकडे पाहिलं नाही. मनाला बरंही वाटलं. पण ती पळी दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातलीच होती.

मग छोट्याचा वाटा कुठे होता? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकाला अंगणवाडीतून आहाराचा हक्क दिला आहे. छोट्याचं नावच तिथे नव्हतं. त्याच्या अम्मीला मागायची शरम वाटत होती.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची शंभरातली 35 मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. ती सगळीच उपाशी झोपतात असं नाही. चहात बुडवलेल्या पावाने पोट भरतं, अंग भरत नाही. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ पुढे भरून काढणं फार कठीण.

शेजारी उपाशी असताना पोटभर जेवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणून रमजानमध्ये रेशनच्या पिशव्या वाटतो. पण खैरात देणाऱ्याच्या सवडीने येते, मुलाची भूक रोज येते. जकातीलाही आपण गरिबाचा हक्कच म्हणतो ना? मग छोट्याचा हक्क त्याच्या दारापर्यंत पोहोचवणं हे आपलंच काम नव्हे काय?

शेवटी आम्ही त्याच्या अम्मीसोबत अंगणवाडीत गेलो. नाव नोंदवायला अर्धा तास लागला. एवढ्या अर्ध्या तासासाठी एक मुलगी कित्येक दिवस अर्धपोटी राहिली, याचा जाब आम्हीच द्यायला हवा.