आजा कुणाचा?

19 मे 2024. पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेखाली दोघे मेले. आरोप 17 वर्षांच्या पोरावर. आज्यानं हमी दिली आणि बाल न्याय मंडळानं 300 शब्दांचा निबंध लिही म्हणत त्याच दिवशी जामीन दिला. लोक खवळले, तेव्हा त्याला निरीक्षणगृहात धाडलं. जूनमध्ये हायकोर्टानं सोडलं.

आता आपण काय मागायचं? त्याला सडवा म्हणायचं? गड्यांनो, जरा थांबा. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 12 सांगतं की पोराला जामीन द्यावा. गुन्हेगारांच्या संगतीचं, नैतिक धोक्याचं भय असेल तर मात्र अडवावा. वाचायला झकास. पण देवणीच्या बाजारातून संशयावरून उचललेल्या पारध्याच्या पोराचा आजा पालावरून हमी द्यायला आला, तर? तिथं आजाच ‘संगत’ ठरतो, आईची कूस हाच धोका. इंग्रजांनी 1871 साली जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, 1897 च्या दुरुस्तीनं चार वर्षांपासूनची लेकरं आईबापापासून तोडायची सोय केली. कायदा 1952 ला गेला. फौजदाराची नजर गेली का?

म्हणून त्या निबंधाला नुसतं हसू नका. कायदा कडक करा म्हणून ओरडाल, तर तो कडकपणा बंगल्याआधी पालावर पोचेल. निर्घृण गुन्ह्यात 16 ते 18 ची पोरं मोठ्यांच्या कोर्टात उभी करायची वाट 2015 नंच करून ठेवलीय. आपण मागायचे ते तेच 300 शब्द, आपल्याही पोराला. त्याला लिहिता येत नसेल, तर शिकवायचं मंडळानं.