आधी वाच, मग बोटं चालव

बस. लॅपटॉप उघडाच राहू दे, हात तेवढे की-बोर्डवरून काढ. आणि ‘सर, लिनक्समध्ये वायफाय चालतच नाही’ हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस. चालत नाही म्हणजे नेमकं काय? कार्डच सापडत नाही? कार्ड सापडतं, पण ड्रायव्हर लागत नाही? ड्रायव्हर लागतो, पण फर्मवेअर मिळत नाही? की सगळं जागेवर आहे आणि लॅपटॉपच्या कडेचं बटण बंद आहे? हे चार वेगळे आजार आहेत. तू मात्र शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून औषध आणावं तसं, दिसेल ती कमांड चिकटवलीस आणि एंटर मारलास. तीही सुडो लावून!

तुझी हिस्टरी वाचली मी. आधी बी४३ हा ड्रायव्हर आणलास. तो लागेना, म्हणून ब्रॉडकॉमचा डब्ल्यूएल घातलास. हे पॅकेज बसताना बी४३ला काळ्या यादीत टाकतं, हे त्याच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं असतं. वाचलंस? नाही. मग वरून एनडीआयएसरॅपर, म्हणजे विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सच्या गळ्यात बांधण्याचा जुना उद्योग. एका कार्डावर तिघे दावेदार बसवलेस आणि आता विचारतोस, ‘सर, सगळं पुसून नव्याने टाकू का?’ टाक की. तीच चूक कोऱ्या डिस्कवर करशील.

मघाशी डब्ल्यूएल आणि एनडीआयएसरॅपर दोन्ही काढून मी मशीन पुन्हा सुरू केलं. आता एलएसपीसीआय चालव, ‘एनएन’ आणि ‘के’ लावून. ती नेटवर्क कंट्रोलरची ओळ मोठ्याने वाच. बीसीएम४३१२, आणि चौकटी कंसात १४ई४:४३१५. पहिला भाग कंपनीचा, दुसरा चिपचा. हीच तुझ्या कार्डाची ओळख. लॅपटॉपच्या मॉडेलवरून शोधत बसलास म्हणून भरकटलास, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी कार्डं आलेली असतात.

आता डीमेसेज, म्हणजे कर्नलचे निरोप. लाल अक्षरं दिसली की डोळे मिटायची सवय सोड. काय म्हणतंय? बी४३/यूकोड१५.एफडब्ल्यू ही फाइल सापडली नाही. मशीनने फाइलचं नाव घेऊन सांगितलं, आणखी काय करायला हवं होतं त्याने? चिपच्या आत एक छोटा प्रोसेसर असतो. त्याला चालवणारा प्रोग्राम ड्रायव्हरने डिस्कवरून उचलून चिपमध्ये भरायचा असतो. तो प्रोग्राम ब्रॉडकॉमच्या मालकीचा, वाटायची मोकळीक नाही. म्हणून बी४३चं फर्मवेअर-पॅकेज कंपनीचा ड्रायव्हर नेटवरून उतरवतं आणि एफडब्ल्यूकटरने त्यातून हवा तो भाग कापून काढतं.

‘पण सर, नेटच नाही तर पॅकेज कसं उतरवू?’ खिशात फोन आहे ना? केबल लाव, यूएसबी टेदरिंग सुरू कर. रील बघायला बरोबर सुचतं हे!

वायफाय कुठे अडवलंय का ते सांगणारं आरएफकिलही बघून घे. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल तर कमांडने सुटतं. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर कडेचं बटण सरकव. तिथे दिवसभर कमांडा झोडल्यास तरी उपयोग नाही. आणि फर्मवेअर बसल्यावर ‘घरचं नेटवर्क दिसत नाही’ म्हणत धावत येऊ नकोस. हे कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे आणि ५४ एमबीपीएस ही त्याची कागदावरची कमाल. राउटर ५ गिगाहर्ट्झवरच लावलेला असेल, तर ते कार्डाला दिसणारच नाही.

आता ज्याचा मला खरा राग आहे ते ऐक. या चिपांची कागदपत्रं कंपनीने लिनक्सवाल्यांना दिली नव्हती. तरी काही जणांनी कंपनीचा ड्रायव्हर उकलून चिप कशी वागते ते लिहून काढलं, आणि दुसऱ्यांनी फक्त त्या लिखाणावरून नवा ड्रायव्हर रचला. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून कामाची अशी वाटणी. २००६ साली २.६.१७ कर्नलमध्ये तो बीसीएम४३एक्सएक्स म्हणून आला, आणि २००८च्या जानेवारीत २.६.२४ मध्ये बी४३. कागदाचा चिटोराही हाती नसताना लोकांनी आख्खी चिप वाचली. तुझ्यासमोर सरळ इंग्रजीत लिहिलेली एक ओळ होती, तीही तुला वाचवेना! बुद्धी कमी नाही तुझ्यात. धीर नाही.

उद्या येताना वहीत चार गोष्टी लिहून आण: कार्डाची ओळख, लागलेला ड्रायव्हर, डीमेसेजची ओळ आणि आरएफकिलचं उत्तर. पुढे प्रत्येक कमांडसमोर ती काय करते ते तुझ्या शब्दांत. जिच्यासमोर लिहिता येणार नाही, ती चालवायची नाही. वायफाय चालू झालं आणि वही कोरी असेल, तर प्रॅक्टिकलवर माझी सही मिळणार नाही. ऊठ आता, केबल शोध.