पायाशी बसलेले चौघे

दत्तमहाराजांच्या पायाशी चार श्वान, म्हणजे चार वेद, असं आपण नातवंडांना सांगतो. गंमत अशी की अवधूतांच्या चोवीस गुरूंत कुत्रा नाही. गुरू नाही, तरी सर्वांत जवळ.

आमच्या खालापुरात फार्महाऊसं वाढली, तशी जातिवंत कुत्रीही आली. मालक येईनासे झाले की तीच रस्त्यावर दिसतात. त्यातलं एखादं घरी आणणं सोपं. कठीण प्रश्न वेगळाच. विक्रीच्या पिंजऱ्यातलं पिल्लू दया येऊन विकत घेतलं, तर ते पुण्य का? मला वाटतं, नाही. पिल्लू सुटतं खरं, पण आपले पैसे मागे राहिलेल्या त्याच्या आईच्या पुढच्या वेताला लागतात. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे मादीला १८ महिन्यांआधी विऊ द्यायचं नाही, आयुष्यात पाचाहून जास्त वेतं नाहीत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, आणि विक्रेत्याची नोंदणी हवीच. म्हणून घेणाऱ्यानं आधी 'याची आई दाखवा' म्हणावं. टाळाटाळ झाली, तर उठावं.

शेजारचे अण्णा विचारतात, "अहो, पण समोरच्या पिल्लाचं काय?" त्यांचं म्हणणं मला टोचतं. पोलिसांत तक्रार देता येते, एवढंच मी त्यांना सांगतो.