पासोडी कुणी विणली?

गेल्या दत्तजयंतीला आमच्या धर्मापुरीत एका पोरानं विचारलं, "महाराज, आपल्या गावात मोठं माणूस कोण झालं?" मी त्याला केदारेश्वरापाशी नेलं. चालुक्यांच्या काळचं देऊळ. भिंतीवरल्या मूर्ती बघत राहावं! पण त्या छिन्नीवाल्याचं नाव आम्ही कधी घेतो का? मग दासोपंतांचं सांगितलं. थोर दत्तभक्त. इथून जवळच, अंबाजोगाईत, शके १५३७ मध्ये समाधिस्थ झाले. सुमारे ४० फूट लांब पासोडीवर त्यांनी 'पंचीकरण' लिहिलं. पांघरायचं कापड ते, त्यावर ब्रह्मज्ञान!

पोरगं म्हणालं, "अन् पासोडी विणली कुणी? त्यालाबी दत्त भेटला असंल का?"

आरतीची वेळ झाली होती. उत्तर राहूनच गेलं.