अफवा, भीती आणि दारावरचा अनोळखी माणूस

मी पुराणमतवादी आहे. हा शब्द हल्ली शिवीसारखा वापरतात, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. पोलिसाचा धाक असावा, मास्तरांचा मान असावा, रात्री दहानंतर स्पीकर बंद व्हावा, शेजारी कोण राहायला आलंय हे आपल्याला ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं. गुन्हा झाला तर त्याला गुन्हा म्हणावं, गुन्हेगाराच्या बालपणाची कहाणी नंतर सांगावी, हेही वाटतं.

खोपोलीत राहणाऱ्याला असं वाटायला फार वाचन लागत नाही. कर्जतहून निघालेला लोकलचा फाटा इथं संपतो. वर बोरघाट, बाजूला एक्स्प्रेसवे, आजूबाजूला कारखाने. कामासाठी कुठून कुठून माणसं येतात, चार महिने राहतात, जातात. वडिलांच्या पिढीला बाजारपेठेतला प्रत्येक चेहरा ओळखीचा होता. मला माझ्याच बिल्डिंगच्या लिफ्टमधला माणूस ओळखता येत नाही. अशा गावात भीती वाटणं हा काही अडाणीपणा नाही. मुंबईत बसून ‘लोक किती घाबरट झालेत’ असं लिहिणाऱ्यांनी रात्री शेवटच्या लोकलनं इथं उतरून घरापर्यंत चालत जाऊन बघावं.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. माझी भीती खरी असेल, तर ती बातमी म्हणून पुढे पाठवायचा मला अधिकार आहे का?

मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज तुम्हीही वाचला असेल. गावाचं नाव बदलतं, बाकी मजकूर तोच. कर्जतच्या ग्रुपवर कर्जत, पनवेलच्या ग्रुपवर पनवेल. टोळीत कधी दहा जण, कधी वीस. त्यात एक वाक्य हमखास असतं : पोलिस हे दडपत आहेत, चॅनलवाले दाखवणार नाहीत, म्हणून तुम्हीच सर्वांपर्यंत पोचवा. सगळी गोम या वाक्यात आहे. बातमी कुठंच आली नाही, हाच ती खरी असल्याचा पुरावा ठरतो. ठाण्यात तक्रार नाही? बघा, दाबली. पेपरात ओळ नाही? बघा, विकले गेले. या चक्रात एकदा शिरलं की बाहेर यायला दार उरत नाही.

आणि हे वाक्य आमच्यासारख्यांना लवकर पटतं, कारण माध्यमांवरचा आमचा अविश्वास आकाशातून पडलेला नाही. त्याचं एक उदाहरण आमच्या अगदी शेजारचं आहे.

खोपोलीहून पेणला जाताना गागोदे लागतं. विनोबांचं जन्मगाव म्हणून आम्ही शाळेत त्याचं नाव ऐकलं. मे २०१२ मध्ये त्या परिसरात जंगलाच्या कडेला एका माणसाचे अर्धवट जळालेले अवशेष सापडले. गावकऱ्यांनी कळवलं, पोलिस आले, नमुने मुंबईला पाठवले गेले. खुनाचा गुन्हा मात्र नोंदवला गेला नाही. तीन वर्षं काही नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत वेगळ्याच प्रकरणात एका ड्रायव्हरला अटक झाली आणि त्यातून शीना बोरा हे नाव बाहेर आलं. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार एप्रिल २०१२ मध्ये तिचा खून झाला आणि गागोद्याजवळचे ते अवशेष तिचेच. मग पेणच्या रस्त्याला वाहिन्यांच्या गाड्या लागल्या. कोणाचं लग्न कोणाशी, कोणाचं मूल कोणाचं, यावर आठवडेच्या आठवडे चर्चा झाली. मृत मुलगी कोण होती, हे मात्र त्या गदारोळात दिसेनासं झालं.

या प्रकरणात मला दोन गोष्टी एकत्र दिसतात. जिथं कंटाळवाणं काम करायला हवं होतं, म्हणजे नोंद, जबाब, पाठपुरावा, तिथं शांतता होती. आणि जिथं शांत राहायला हवं होतं, तिथं आरडाओरडा. अफवेला नेमकी अशीच जमीन लागते. गावातल्या माणसानं दोन्ही पाहिलेलं असतं. मग ‘पोलिस दडपत आहेत’ हे वाक्य त्याला अशक्य वाटत नाही. त्याला हसण्याआधी हे मान्य केलं पाहिजे.

पण त्याला मोकळं सोडताही येत नाही, कारण राईनपाडा.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथं उतरली. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. त्यांच्यातला कोणीतरी एका लहान मुलीशी बोलला म्हणे. तेवढं पुरलं. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेपर्यंत मारलं. पाचही जण गेले. मारताना लोक मोबाइलवर चित्रण करत होते, आणि त्या क्लिप पुन्हा त्याच ग्रुपांवर फिरल्या.

इथं जरा थांबू या. डवरी गोसावी म्हणजे कोण? डौर वाजवत, भैरवनाथाचं नाव घेत दारोदार फिरणारा माणूस. वासुदेव, बहुरूपी, नंदीबैलवाला, पोतराज यांच्या रांगेतला. आमच्या घरी आजी अशा माणसाला रिकाम्या हातानं परत जाऊ देत नसे. तो कोण, कुठला, हे तिला माहीत नसायचं. पण तो कोणत्या पद्धतीतला आहे, हे माहीत असायचं. त्याचा वेश, त्याचं वाद्य, वर्षातली त्याची वेळ, हीच त्याची ओळख होती. अनोळखी माणसाला दारात उभं राहू देण्याची ही रीत शेकडो वर्षांची होती.

परंपरा जपायची म्हणतो ना आपण? ही परंपरा होती. ती कोणा सुधारकानं मोडली नाही, इंग्रजी शिक्षणानं नाही, कायद्यानं नाही. कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जनजागृतीच्या फिल्मचा शेवट कापून तयार झालेल्या क्लिपनं आणि तसल्याच चार मेसेजनी मोडली. मूळ फिल्ममध्ये मोटारसायकलवाला उचललेलं मूल परत आणून सोडतो आणि हातातला फलक दाखवतो. आपल्याकडं आली ती फक्त मूल उचलण्यापर्यंतची.

म्हणून मला वाटतं, अफवेचा राग सर्वांत आधी पुराणमतवाद्याला आला पाहिजे. पुरोगामी माणूस अफवेला ‘अवैज्ञानिक’ म्हणतो आणि पुढे जातो. माझं तर घरच जळतं. मला जे टिकवायचं आहे, ओळखीपाळखीचं गाव, दारावर आलेल्याला पाणी विचारणं, वडीलधाऱ्याच्या शब्दाचं वजन, ते सगळं अफवा आतून पोखरते. वडीलधाऱ्यांचंच घ्या. ग्रुपवर सर्वांत जास्त फॉरवर्ड कोण करतं, हे तुम्हाला तुमच्या घरातच दिसत असेल. काकांनी पाठवलेल्या दहा मेसेजपैकी नऊ खोटे निघाले, की अकरावा कोणी उघडत नाही. मग एखाद्या दिवशी काका खरंच महत्त्वाचं सांगतात.

राजकारण मध्ये आलं की हे अजून अवघड होतं. १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊन. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. एक साधू सत्तरीचा. ते कांदिवलीहून सुरतेकडं अंत्यसंस्कारासाठी निघाले होते. त्या पट्ट्यात चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या, गावं रात्री पहारा देत होती. जमावानं गाडी अडवली. पोलिस तिथं होते आणि वाचवू शकले नाहीत. मारहाणीच्या चित्रफितीत तो वृद्ध साधू पोलिसाचा हात धरून चालताना दिसतो. ते दृश्य मी एकदाच पाहिलं, दुसऱ्यांदा पाहवलं नाही.

यात संतापण्यासारखं भरपूर होतं. पोलिसांच्या हातात असलेला माणूस कसा मारला जातो? अफवा इतके दिवस फिरत होत्या तर प्रशासन काय करत होतं? हे प्रश्न तेव्हाच्या सरकारला धारदारपणे विचारता आले असते. पण दोनच दिवसांत त्यांच्या जागी दुसरी गोष्ट उभी राहिली : मारणारे मुसलमान होते. पुरावा काय, तर क्लिपमध्ये कोणीतरी ‘शोएब’ म्हणतं. तो आवाज ‘ओए बस’ असा असल्याचं गृहमंत्र्यांना सांगावं लागलं, आणि अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही हेही. मग चर्चा यादीवर सुरू झाली. साधूंचा मृत्यू बाजूला पडला. त्यांच्या बाजूनं बोलतोय असं वाटणाऱ्यांनीच तो बाजूला पाडला. त्यांची तक्रार खरी होती, तिच्यावर खोटी तक्रार चढवली गेली, आणि खोटी कोसळली तेव्हा खरीही तिच्याखाली गाडली गेली. सत्तेतल्या माणसाला याहून सोयीचं काय असतं? उत्तर द्यायचं टळतं, खुलासा करून भागतं.

हे फक्त एका बाजूचं नाही. त्याच आठवड्यात, १४ एप्रिलला, वांद्रे स्टेशनबाहेर परप्रांतीय मजुरांची गर्दी जमली होती. गाड्या सुटणार असल्याची बोलवा होती. एका मराठी वाहिनीच्या वार्ताहराला रेल्वेसंबंधीच्या बातमीवरून अटक झाली, नंतर जामीन मिळाला. इकडं स्टेशनसमोरची मशीद दाखवून कोणी कट शोधला, तिकडं कोणी दुसऱ्या पक्षाचा कट शोधला. घरी जायला निघालेला, खिशात पैसे नसलेला मजूर दोघांनाही नको होता.

आता मलाच कोणी विचारेल, की पूर्वीची गावं काय मोठी सत्यवादी होती? नव्हती. ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगच्या साथीत मुंबईच्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला, कारण तिथं नेलेल्या माणसांना मारतात अशी अफवा होती. तेव्हा कुठला मोबाइल होता? भुताळीण ठरवून बायकांना मारणारी गावंही आपलीच. आणि ज्या भटक्यांना आजी भाकरी वाढत होती, त्यांच्यातल्या अनेक जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. जुन्या काळाची आरती मला ओवाळायची नाही. पण त्या काळातली एक गोष्ट मला अजून पटते, ती म्हणजे पंच.

पंचनामा हा शब्द आपण इतक्यांदा ऐकतो की त्यातला पंच दिसत नाही. घटना घडली की पोलिस आसपासची दोन माणसं बोलावतात. ती डोळ्यांनी बघतात, जे दिसलं ते लिहिलं जातं, खाली नाव, वय, पत्ता, सही. पुढे दहा वर्षांनी कोर्टात बोलावलं तर जावं लागतं, वकिलाची उलटतपासणी सोसावी लागते. म्हणून पंच व्हायला कोणी राजी नसतं. कोर्टही ऐकीव गोष्ट सहसा पुराव्यात धरत नाही. ज्यानं पाहिलं त्यानं येऊन सांगायचं, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही आहे. तारीख बघा. राईनपाड्याला त्या दिवशी बरोबर सहा वर्षं झाली होती.

फॉरवर्ड करणारा माणूस खोटं बोलत नाही, हे मी मान्य करतो. त्याला ते खरंच वाटत असतं. त्यामुळं ‘खोटं बोलू नये’ हा नियम त्याला लागत नाही आणि तो निर्धास्त असतो. पण तो साक्ष देत असतो. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष, सही न करता, पत्ता न देता, उलटतपासणीची भीती नसताना. ‘मी फक्त पुढे पाठवलं’ म्हणणारा पंच कोर्टात एक मिनिट टिकणार नाही. राईनपाड्याच्या खोलीत मात्र अशाच बिनसहीच्या साक्षींवर शिक्षा झाली, आणि तीही तिथल्या तिथं.

राईनपाड्यानंतर उपायही झाले. त्याच महिन्यात ‘फॉरवर्डेड’ची खूण आली, एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा आली. १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी पोलिस अधिकारी नेमायला सांगितलं. चांगलंच झालं. पण पाचांपैकी एक ग्रुप अडीचशे माणसांचा असला तर मर्यादेचं काय होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मी आमच्या ग्रुपवर अशा मेसेजखाली एवढंच विचारतो, ‘कोणी पाहिलं?’ पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिघांनी उत्तर दिलं, ‘काळजी म्हणून पाठवलं.’ दुसऱ्यांदा एकानं विचारलं, ‘तुम्हाला मुलं नाहीत का?’ आहेत. दोन. म्हणूनच विचारतो. अजून कोणी ‘मी पाहिलं’ असं लिहिलेलं नाही. पोलिस ठाण्यात फोन केला तर दोन वेळा नीट उत्तर मिळालं, एकदा फोन उचललाच नाही. तिसऱ्या वेळी मी स्वतः गेलो, कारण पोलिसांवर विश्वास ठेवा असं म्हणायचं असेल तर त्यांना कामही लावलं पाहिजे.

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या गेटवर वासुदेव आला होता. मोरपिसांची टोपी, हातात टाळ. तो आत येण्याआधी त्याचा फोटो ग्रुपवर आला : ‘हा कोण? कोणाकडं आलाय?’ मी खाली उतरलो तेव्हा वॉचमन त्याच्याशी बोलत होता. वासुदेवानं झोळीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड काढलं, मग पोलिस ठाण्याचा शिक्का असलेला एक अर्ज. कागद घड्यांवर फाटायला आला होता. विशीतला पोरगा असेल. मी म्हटलं, ‘राहू दे रे, कागद कशाला?’

तो म्हणाला, ‘नाही दादा, आधी हे बघा. टाळ मग वाजवतो.’