भिंतीसाठी की तिजोरीसाठी?

छापचित्राच्या खालच्या कडेला चित्रकाराने पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला असतो, उदाहरणार्थ ७/२५. म्हणजे या चित्राच्या एकूण २५ प्रती काढल्या, त्यांतली ही सातवी. शेजारी चित्रकाराची सही असते. चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या मोजक्या प्रती वेगळ्या, त्यांवर तशी खूण असते. बाकी सव्विसावी प्रत निघणार नाही, हे त्या आकड्यातले वचन. आपल्या समाजातल्या शिकलेल्या, दोन पैसे गाठीला असलेल्या घरांतही आता दिवाणखान्यासाठी अशी चित्रे घेण्याचा विचार होतो. म्हणून एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. आपण पैसे मोजतो ते चित्रासाठी, की ते दुसऱ्याकडे नाही यासाठी?

आपल्याकडे चित्राचा विषय निघाला की चर्चा लगेच जायज-नाजायजवर जाते. सजीवांच्या प्रतिमांबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो वाद इथे बाजूला ठेवू. ज्या चित्रात फक्त रेषा आणि अक्षरे आहेत, तेही याच प्रश्नातून सुटत नाही. कागदावर काय छापले आहे यापेक्षा घेणाऱ्याच्या मनात काय आहे, याची ही चौकशी आहे.

छापण्याची कला मुळात संख्या वाढवण्यासाठी जन्मली. इजिप्तमध्ये हजारेक वर्षांपूर्वी ठशांनी छापलेले अरबी तावीज सापडले आहेत. कागदाच्या अरुंद पट्टीवर आयती आणि दुआ छापायच्या, गुंडाळी करायची, गळ्यात घालायची. हाताने लिहून घेणे ज्याला परवडत नव्हते, त्याच्यापर्यंतही ठशामुळे अक्षर पोहोचले. आपल्या मुंबईत १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि संस्थानिकांच्या महालातली चित्रे चाळीतल्या भिंतीवर आली. मुसलमान घरांत काबा, मदिना, बुराक, दर्गे यांची रंगीत चित्रे आणि कॅलेंडरे लागली ती याच तंत्राने. यूसुफ सईद यांनी या चित्रांवर २०१२ मध्ये ‘मुस्लिम डिव्होशनल आर्ट इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले. ही चित्रे काढणारे आणि छापणारे अनेकदा हिंदू होते, हे त्यातून कळते. त्या चित्रांवर आकडा नव्हता. शेजाऱ्याकडेही तेच चित्र आहे म्हणून कोणाची अकीदत कमी झाली नाही.

मग आकडा आला कुठून? एक कारण अगदी साधे आहे. तांब्याच्या पत्र्यावर सुईने सरळ ओरखडून चित्र काढले, तर कडेला उठलेला धातूचा खरखरीत काठ दाबयंत्राखाली लवकर झिजतो. थोड्याच प्रती उत्तम निघतात, पुढे रेषा फिकी पडत जाते. ही मर्यादा साहित्यानेच घातलेली, म्हणून प्रामाणिक. पण शिळाछाप किंवा जाळीछाप पद्धतीत पुष्कळ प्रती निघू शकतात, आणि आजच्या संगणकीय छपाईत तर झीज नाहीच. तिथे २५ हा आकडा माणूस ठरवतो. काही वेळा आवृत्ती संपली की ठशावर आडवी रेघ मारून तो मुद्दाम बाद करतात.

चांगली गोष्ट जाणूनबुजून थांबवणे हा इसराफ नाही का, असे कोणी विचारील. मला तसे वाटत नाही. चित्रकाराला पोट आहे. मूळ रंगचित्र ज्याच्या आवाक्याबाहेर आहे, त्या मध्यमवर्गीयाला छापचित्र परवडते, आणि मर्यादित प्रतींमुळे चित्रकाराला श्रमाचा मोबदला मिळतो. शरीअतने निषिद्ध मानलेला इहतिकार, म्हणजे भाव वाढावा म्हणून धान्य अडवून ठेवणे, हाही नव्हे. चित्रावाचून कोणी उपाशी मरत नाही. मर्यादा हा करार आहे, आणि करार पाळला तर त्यात दोष नाही. तो मोडला की काय होते, हे साल्वादोर दालीच्या उदाहरणात दिसते. १९७४ साली फ्रान्सच्या सीमेवर एका ट्रकमध्ये त्याच्या सहीचे हजारो कोरे कागद सापडले. सही आधी, चित्र नंतर. लोक चित्राऐवजी सही विकत घेऊ लागले, तेव्हाच हे शक्य झाले.

दुसऱ्या टोकाला झरीना हाशमी. त्यांचा जन्म १९३७ मध्ये अलीगढला झाला. गणित शिकल्या, पॅरिसमध्ये आणि जपानमध्ये छापकला शिकल्या, न्यूयॉर्कमध्ये राहिल्या आणि २०२० मध्ये लंडनला वारल्या. फाळणीनंतर काही वर्षांनी त्यांचे कुटुंब पाकिस्तानात गेले. १९९९ मध्ये त्यांनी ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ हा ३६ लाकूडठशांचा संच केला. घर, उंबरा, सरहद्द, भाषा अशा एकेका कल्पनेसाठी काळ्या रेषांची एक आकृती आणि खाली उर्दूत तो शब्द. माणसाचे चित्र कुठेही नाही. त्याच्या २५ प्रती निघाल्या. ज्यांचे घर मागे राहिले, त्या बाईंनी आपले घर जणू पंचवीस ठिकाणी ठेवायला दिले, असे मला ते चित्र आठवताना वाटते. ठेवायला दिलेल्या वस्तूला आपल्या भाषेत अमानत म्हणतात.

ही अमानत कोणी जिनिव्हाच्या फ्रीपोर्टसारख्या करमुक्त गोदामात भाव वाढेपर्यंत कुलूपबंद केली, तर? अंधार स्वतः वाईट नाही. उजेडाने कागद पिवळा पडतो, शाई उडते. म्हणून संग्रहालयेसुद्धा कागदावरची चित्रे काही महिने मांडतात आणि मग विश्रांतीला ठेवतात. पण ती चित्र टिकावे म्हणून. गोदामातला अंधार भाव टिकावा म्हणून असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक नीयतीचा आहे.

आणि नीयत तपासण्याची एक जुनी सोय आपल्याकडे आहे. घरात वापरण्यासाठी, सजावटीसाठी घेतलेल्या वस्तूंवर जकात नाही. विकण्याच्या नीयतीने घेतलेली वस्तू मात्र व्यापाराचा माल ठरते. निसाब आणि वर्षाची अट पूर्ण झाली की तिच्या बाजारभावावर अडीच टक्के जकात द्यावी लागते. भिंत तीच, चौकट तीच, पण हिशेब वेगळा. पाहुण्यांना ‘शौक आहे’ आणि मित्राला ‘गुंतवणूक आहे’ असे सांगता येते. रमजानात जकातीची वही उघडली की दोन्हींपैकी एकच उत्तर देता येते. गुंतवणूक करणे गुन्हा नाही. तो तिजोरीचा व्यवहार आहे, त्याला रसिकतेचे नाव देऊ नये आणि त्याची जकात चुकवू नये.

जे भिंतीसाठी घेतात, त्यांनी आणखी एक कसोटी लावून पाहावी. हेच चित्र उद्या पुस्तकात छापून आले, शाळेच्या वर्गात त्याची साधी नक्कल लागली, तर आपल्याला आनंद होईल की खटकेल? खटकले, तर आपण चित्र घेतले नव्हते, आकडा घेतला होता. इल्म वाटल्याने घटत नाही, असे आपण मुलांना शिकवतो. सौंदर्यालाही हाच नियम लागू आहे.

अमानत सांभाळण्याची रीतही साधीच आहे. चौकटीत बसावे म्हणून कागदाची कड कापू नये. कोकणातल्या पावसाळ्यात ओलीच्या भिंतीवर चित्र लावू नये, बुरशी धरते. समोरच्या खिडकीचे ऊन त्यावर येऊ देऊ नये. घरात येणाऱ्या मुलांना ते जवळून पाहू द्यावे, खालचा शब्द वाचून दाखवावा. आणि आपल्यानंतर ते कोणाकडे जाणार, एखाद्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला वक्फ करायचे का, हेही हयातीतच ठरवून ठेवावे. चांगला कागद नीट जपला तर माणसापेक्षा जास्त टिकतो. आपल्या नावावर तो थोडीच वर्षे असतो.