एकच प्रथिन, दोन रूपे

वस्तूचा स्वभाव तिच्या द्रव्यात असतो की रचनेत, या जुन्या प्रश्नाला प्रायॉन प्रथिनाने नवी धार दिली आहे. निरोगी मेंदूत हे प्रथिन असतेच. चेतातंतूंवरील मायलिनचे आवरण टिकवण्यात त्याचा वाटा असल्याचे उंदरांवरील प्रयोगांत दिसले. त्याचीच घडी बदलली की ते प्राणघातक होते. अमिनो आम्लांचा क्रम तोच राहतो, पण बिघडलेला रेणू शेजारच्या निरोगी रेणूलाही आपल्यासारखाच करून सोडतो. पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांत मृत आप्तांचे शरीर भक्षण करण्याच्या अंत्यविधीतून कुरू हा आजार असाच पसरला. केवळ प्रथिनच असा आजार पसरवू शकते, या शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या कल्पनेला कडाडून विरोध झाला. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

भारतीय दर्शनांत हाच प्रश्न कार्य आणि कारण यांच्या वादात येतो. सांख्यांच्या मते कार्य कारणात आधीच अव्यक्त असते. न्याय-वैशेषिकांच्या मते ते नव्याने उत्पन्न होते. दोन्ही रूपे एकाच क्रमात संभवतात, हे सांख्यांना अनुकूल आहे. मारकता मात्र घडीबरोबरच येते, आणि इथे नैयायिकांची बाजू अधिक बळकट वाटते. केवळ द्रव्यालाच स्वभाव मानणारे मत तर या उदाहरणापुढे टिकतच नाही.